बाराच्या खाली

माणूस झोपला की त्याच्या घरच्यांना बरं वाटतं आणि माझं डोकं उठतं. तेवीस वर्षं झाली मला वॉर्डात, तरी ह्यात फरक पडलेला नाही. दुखण्याचं इंजेक्शन दिलं, झोपेचं दिलं, पेशंट शांत पडला, की खाटेजवळची बाई तोंडावर बोट ठेवून मला लांबूनच खुणावते. "उठवू नका सिस्टर, आत्ताच डोळा लागलाय." मी उठवते. खांदा हलवते, गाव विचारते, सकाळी काय खाल्लं विचारते. मग ती बाई चिडते, पेशंट चिडतो, आणि मी तर आधीपासून चिडलेलीच असते. "झोपायला आलात का दवाखान्यात?" असंही मी एकदा म्हणलेलं आहे. झोपायलाच आलेला असतो बिचारा. दुखत असतं त्याला.

पण ही झोप घरच्या झोपेसारखी नसते. औषधाची झोप माणसाला खाली ओढत नेते. आधी डोळे मिटतात, मग जीभ जड होते, मग माणूस श्वास घ्यायचा विसरतो. विसरतो म्हणजे खरंच विसरतो. छाती वर येते, खाली जाते, आणि पुढचा श्वास कधी येतो म्हणून आपण बघत उभे राहतो. लातूरला ट्रेनिंगला होते तेव्हा आमच्या ट्यूटर बाईंनी हे शिकवलं. नाडी बघतोय असं दाखवायचं, मनगट धरायचं आणि नजर मात्र छातीवर ठेवायची, कारण श्वास मोजतायत हे कळलं की माणूस श्वास बदलतो. पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं हा आळशांचा धंदा. बाराच्या खाली गेलं की डॉक्टरला हाक मारायची, दहाच्या खाली गेलं की पळायचं. बाई फार रागीट होत्या. मी त्यांच्याकडून मोजायला शिकले आणि रागवायलाही.

रागाचं आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यामुळंच झालं. माझी जीभ तिखट आहे. मी देवणीकडची, आमच्याकडं माणसं बोलतातच तशी, असं मी आजवर स्वतःला समजावत आले. एका खाटेवर सात नातेवाईक बसले, तर गोड बोलून कोण उठतं? ओरडलं की उठतात. पेशंटच्या उशाखाली तंबाखूची पुडी सापडली, की मी ती सगळ्या वॉर्डाला दाखवून कचऱ्यात टाकायची. आमचा हाडांचा वॉर्ड नांदेडात सगळ्यात स्वच्छ, असं मी पाहुण्यांना सांगायची, आणि ते खरंच होतं. लोक मला घाबरतात ह्याचा मला अभिमान होता. आता लिहिताना लाज वाटते, पण होता.

दोन वर्षांमागं बिलोलीकडचा एक गवंडी आमच्याकडं आला. परांचीवरून पडला होता, मांडीचं हाड मोडलेलं. पन्नाशीचा, काटक, हाताला सिमेंटच्या भेगा. सोबत बायको. ती माझ्याच वयाची असेल, पण उन्हानं दहा वर्षांनी मोठी दिसत होती. भरती करताना आम्ही सवयी विचारतो. मी कागदावरून मान वर न करता विचारलं, "तंबाखू?"

"हाव."

"दारू?"

"न्हाई ओ सिस्टरबाई. दारूला शिवत बी न्हाईत."

मी 'नाही' लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले. ती बाई खोटं बोलली नव्हती. हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. त्या भागात, आणि आमच्या देवणीच्या भागातसुद्धा, शिंदीला कुणी दारू म्हणत नाही. शिंदी म्हणजे ताडीसारखं झाडाचं पाणी. कामावरून आलेला माणूस हातपाय धुतो तसा शिंदी पितो. दारू पिणारा वाया गेलेला, शिंदी पिणारा संसारी. हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पण मी त्या दिवशी सिस्टर म्हणून विचारत होते, देवणीकडची म्हणून विचारत नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याचं ऑपरेशन ठरलं. रात्रीपासून उपाशी ठेवायचं होतं, तसं मी दोनदा बजावलं होतं. सकाळी बघते तर ही बाई त्याला चहात बुडवून पाव चारतेय. माझा तोल गेला. "अगं ए बाई! मारायचंय का नवऱ्याला? सांगितलेलं कळत न्हाई का तुला? का कान गावाकडं ठेवून आलीस?" सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. शेजारच्या खाटेवरचा एक म्हातारा तर हसला. त्या बाईनं पाव पदरात लपवला आणि पदर तोंडावर ओढून घेतला. ऑपरेशन पुढं ढकललं गेलं. मी चार शब्द जास्तच बोलले आणि दहा मिनिटांत विसरूनही गेले. ज्याला बोलतात तो विसरत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर आले तर गवंड्याचे हात थरथरत होते. कपाळावर घाम. चादरीवरून काहीतरी वेचून वेचून खाली टाकत होता. "काय हाय हो मामा?" मी विचारलं. "मुंग्या," तो म्हणला. "लई मुंग्या झाल्यात सिस्टर, झाडू मारा की." चादर पांढरीशुभ्र होती. मग तो वजन लावलेला पाय ओढायला लागला, काम राहिलंय, भिंत अर्धी हाय, म्हणून उठू बघायला लागला. आमच्या वॉर्डाची डॉक्टर, नवीन पण हुशार पोरगी, धावत आली. तिनं बायकोला पुन्हा विचारलं, "दारू पितात का? खरं सांगा." बाई माझ्याकडं बघून म्हणली, "न्हाई." माझ्याकडं बघून. हे मला आठवतं. डॉक्टरनं तपासण्या लिहिल्या आणि शांत करायचं इंजेक्शन दिलं. पायाच्या दुखण्याचं आधीच चालू होतं. तासाभरात तो निवला. दोन औषधं, दोन्ही झोपेकडं नेणारी, म्हणून मी कागदावर लिहिलं, दर पंधरा मिनिटांनी श्वास. आणि ते मीच मोजणार होते, शिकाऊ पोरींवर सोडणार नव्हते.

सोळा. पंधरा. सोळा. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मध्ये मध्ये उठवलं की डोळे उघडायचा, गावाचं नाव सांगायचा, पुन्हा झोपायचा. बायको पायथ्याशी जमिनीवर बसून होती. मी तिला म्हणलं, "तोंडानं काही देऊ नको. पाणीसुद्धा मला विचारून." ती म्हणली, "हाव." मला विचारायला ती येणार नव्हती, हे तेव्हा कुणालाही कळलं असतं. मला नाही कळलं.

भेटायच्या वेळेला तिचा दीर गावाहून आला. हातात भाकरीचं फडकं आणि एक पाण्याची बाटली. मी दुसऱ्या टोकाला ड्रेसिंग करत होते. दहा मिनिटं बसला आणि गेला. मी ड्रेसिंग आटोपलं, हात धुतले आणि गवंड्याचं मनगट धरलं. अकरा. मी पुन्हा मोजलं. कधीकधी आपलंच मन दुसरीकडं असतं. दहा. खांदा हलवला. "मामा, ओ मामा, गाव कोणतं?" काही नाही. छातीच्या मधल्या हाडावर बोटं दाबून चोळली, त्यानं मेलेला माणूससुद्धा शिव्या देतो असं आम्ही म्हणतो. त्यानं नुसता ओठ हलवला. घशातून घरघर यायला लागली होती, जीभ मागं पडत होती. मी हनुवटी वर उचलली, डॉक्टरला ओरडून बोलावलं, ऑक्सिजन लावला. वाकले तेव्हा त्याच्या तोंडाचा वास आला.

आंबूस, गोडसर. तो वास मला लहानपणापासून माहीत होता.

"काय पाजलं ह्याला?" मी बायकोवर ओरडले.

"पाणी."

"खरं सांग! काय पाजलं?"

"पाणीच ओ, आईची आण. पाणीच." ती भिंतीला चिकटली होती आणि भाकरीचं गाठोडं तिनं पोटाशी धरलं होतं.

डॉक्टर आली. सात श्वास. बोटावरचं यंत्र केकाटत होतं. शिकाऊ पोरगी पिशवी दाबून श्वास द्यायला लागली. आयसीयूला फोन झाला, तिथं खाट रिकामी करेपर्यंत थोडा वेळ लागणार होता. डॉक्टर म्हणली, "झोपेच्या औषधाचा उतारा देते. भरा." मी भरला. माझ्या हातातच होती ती सुई, आणि माझा हात पुढं जाईना.

हे समजायला सोपं करून सांगते. एखाद्यानं आजच्या दिवशी झोपेचं औषध जास्त घेतलं असेल, तर उतारा त्याला जागं करतो. पण एखाद्याच्या अंगात ते औषध वर्षानुवर्षं मुरलेलं असेल, तर त्याचं शरीर त्यावरच उभं असतं. ते एकदम काढून घेतलं तर झटके येतात, आणि ते झटके मग थांबता थांबत नाहीत. आता शिंदी म्हणजे काय राहिलीय? झाडं कमी झाली आणि पिणारे वाढले. पांढरं पाणी करतात आणि त्यात झोपेची पावडर घालतात. गावातल्या लहान पोरालाही हे माहीत असतं, फक्त दवाखान्याच्या कागदावर ते कुठं येत नाही. म्हणजे ह्या माणसाला सकाळी मुंग्या दिसत होत्या त्या शिंदी तुटल्यामुळं असतील, पण तो माझा अंदाज होता. आणि आता आमची दोन इंजेक्शनं आणि वरून शिंदी, तिन्ही एकदम. तो आज पहिल्यांदा प्यायलाय की रोज पितो, ह्यावर त्याचा जीव अडकला होता. आणि हे सांगू शकणारं एकच माणूस भिंतीला चिकटून उभं होतं. ते मला घाबरत होतं.

मी डॉक्टरला म्हणलं, "एक मिनिट थांबा."

"सिस्टर, वेळ नाहीये!"

"एकच मिनिट. पिशवी चालू ठेवा. मी विचारते."

मी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि त्या बाईच्या पुढ्यात जमिनीवर बसले. युनिफॉर्ममध्ये मी वॉर्डात जमिनीवर कधी बसले नव्हते. ती पण खाली बसली. मी तिचा हात धरला. गार पडला होता.

"ताई," मी म्हणलं, "माझा बाप बी शिंदी पीत होता."

तिनं मान वर केली.

"रोज. सांजच्याला. आमच्या गावाकडं, देवणीजवळ. मी लातूरला सिस्टरचं शिकून राहिले होते तवा त्याला पोटाच्या ऑपरेशनला तिथंच आणलं. डॉक्टरनं मला इचारलं, वडील काही पितात का. माझ्या बाई शेजारी उभ्या, वर्गातल्या पोरी उभ्या. मी न्हाई म्हणलं. लाज वाटली मला. तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले. कुणाला कळलंच न्हाई कामून आले. गेला तो. मी न्हाई म्हणलं म्हणून गेला. तू तसं करू नको माय. मी ओरडत न्हाई आता. मला फक्त एवढं सांग, रोज पितात का?"

माझ्यामागं पिशवीचा आवाज येत होता. ते सगळं डॉक्टरनं ऐकलं, शिकाऊ पोरींनी ऐकलं, तो हसणारा म्हातारा होता त्यानं पण ऐकलं. पंचवीस वर्षं जे मी कुणाला, माझ्या नवऱ्यालासुद्धा, सांगितलं नव्हतं, ते मी हाडांच्या वॉर्डात फरशीवर बसून सांगितलं. आणि सांगताना मला रडू आलं नाही. नंतर आलं.

तिनं गाठोडं सोडलं. भाकरीच्या खालून बाटली काढली. तळाला ताकाच्या पाण्यासारखं थोडंसं उरलं होतं. "रोज पितेत," ती म्हणली. "लगीन झालं तवापासून. सकाळी दोन अन् सांजच्याला तीन बाटल्या. सकाळी हात कापून राहिलते, तवाच मला कळलं हो. आमच्या गावात शिंदी न्हाई भेटली की समद्यांचे हात असेच कापतेत. दोन गिलास दिले की ऱ्हातंय. म्हणून म्या दिराला फोन केला. म्हणलं तुमाला सांगावं, तर तुमी..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

मी उठले. डॉक्टरला म्हणलं, "रोजचं. वीस-पंचवीस वर्षांचं." डॉक्टरनं ट्रेमधली सुई उचलली आणि बाजूला टाकली. उतारा दिला नाही. पिशवी दाबतच त्याला आयसीयूत नेलं, तिथं नळी घातली, यंत्रावर ठेवला. मी खाटेसोबत पळत गेले, ते माझं काम नव्हतं तरी गेले. परत आले तर ती तिथंच बसलेली, बाटली पुढ्यात.

बघा, आमच्यापैकी कुणाला जे ओळखू आलं नाही ते त्या बाईनं सकाळी सहाला ओळखलं होतं. तिला रोग माहीत होता, तिच्या गावचा उपाय पण माहीत होता. उपाय जिवावर बेतला, कारण आम्ही काय टोचलं हे तिला माहीत नव्हतं, आणि तिच्या जवळचं आम्हाला. मध्ये फक्त माझं तोंड होतं. चहा-पावाच्या दिवशी मी एवढं बोलले नसते तर ती सकाळीच माझ्याजवळ आली असती. लोकं म्हणतील, तू वाचवलंस त्याला. मी वाचवलं आणि त्याला तिथवर नेलं पण मीच.

तो वाचला. दोन दिवसांनी नळी निघाली. मग त्याची औषधं हळूहळू, एक एक पायरी खाली उतरवत नेली, पुढच्या आठवड्यात मांडीचं ऑपरेशन झालं. ह्या वेळी उपाशी ठेवायचं मी सांगायला गेले तर बाई स्वतःच म्हणाली, "न्हाई देत अक्का, पाणी बी न्हाई." सिस्टरबाईची मी अक्का झाले होते. जायच्या दिवशी ती मला शोधत औषधांच्या खोलीपर्यंत आली. पाया पडायला लागली, मी पडू दिलं नाही. मग ती म्हणली, "अक्का, एक बोलू का? रागावू नका. तुमी त्या दिवशी खाली बसून बोलल्या तसं पहिल्या दिवशी बोलल्या असत्या, तर म्या समदं सांगितलं असतं." मी म्हणलं, "हाव." दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून मी भरतीच्या वेळी खुर्चीवरून उठते आणि पेशंटच्या उंचीला बसते. 'दारू' विचारते, मग वेगळं 'शिंदी' विचारते, मग रोज किती, आणि झोपेची गोळी कुणाकडून आणता का, ते विचारते. समोरचा गप्प झाला तर म्हणते, माझे वडील पीत होते. शिकाऊ पोरींना पण हे असंच शिकवते. राग गेलेला नाही, जित्याची खोड आहे ती. पण विचारून होईपर्यंत गिळून ठेवते.

एक काम मात्र राहिलं होतं. जे मी अनोळखी बाईला सांगितलं ते आईला सांगितलं नव्हतं.

आई देवणीजवळ गावातच राहते, नांदेडला यायला तयार नाही. सुट्टी काढून मी उदगीरमार्गे गेले. जेवणं झाली. भिंतीवर वडिलांचा फोटो आहे, पांढऱ्या सदऱ्यातला. ते शाळेत शिपाई होते. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणायला सगळ्यात पुढं बसायचे. नशा न करण्याचं पाचवं शील आलं की त्यांचा आवाज जरा खाली जायचा. मी लहान असताना ते माझ्या लक्षात आलं होतं, आणि आईच्याही आलं असणार. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. शिंदी म्हणजे दारू नव्हे, असं ते मानायचे, आणि तरी आवाज खाली जायचा.

आई बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिला झोप येत नाही म्हणून अर्धी गोळी चालू आहे, त्यावरून मी तिच्याशी दर वेळी भांडते. मी बाजेच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. गवंडी, बाटली, फरशीवर बसले ते. मग लातूरचं. डॉक्टरनं मला विचारलं ते, मी काय म्हणले ते. "माझ्यामुळं गेले आई ते," मी म्हणलं. "तुला इतकी वर्षं सांगायची हिंमत झाली न्हाई."

मला वाटलं गोळीनं झोपली. मग भिंतीकडंच तोंड ठेवून म्हणाली, "मला बी इचारलं व्हतं."

"कुणी?"

"त्याच डागदरानं. तू जेवाया गेलतीस. तुझ्या त्या रागीट बाई बी व्हत्या तितं. मला म्हणले, मावशी, काही सवय हाय का ह्यांना. म्या म्हणलं, न्हाई साहेब, आमचं पंचशीलाचं घर हाय." ती थांबली. "म्हणलं, पोरगी ह्या लोकांत वावरून राहिली. हिची मान खाली जाईल. म्हणून म्या न्हाई म्हणलं. तुला सांगितलं न्हाई, म्हणलं पोरगी मला जन्मभर माफ करणार न्हाई."

पंचवीस वर्षं तेच ओझं घेऊन ती ह्या खोलीत जागी होती आणि मी दुसऱ्या गावात. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती हळूहळू श्वास घेत होती, आणि माझी बोटं आपोआप मोजायला लागली. सवय ती, जाते कुठं.

"मोजून राहिलीस व्हय?" तिनं विचारलं.

"हाव."

"कितीक हायेत?"

"सोळा. बराबर हायेत."

ती म्हणाली, "त्यांचे कुणी मोजले न्हाईत गं. कुणी मोजले असते तर..."

"मोजले होते आई," मी म्हणलं. "मीच मोजले होते. बाईंनी वहीत लिहायला लावलं होतं, पूर्ण एक-एक मिनिट. एक बी चुकला न्हाई."

तिनं हात मागं करून माझा हात पाठीवरच दाबून धरला. आम्ही दोघी तशाच रडलो. कुणी कुणाला गप्प केलं नाही.